अष्टमीच्या चंद्राइतका उजेड

रात्री उघड्यावर कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, शटर पंधरा-वीस सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात समोरच्या खडकावर हातातल्या दिव्याचा उजेड फिरवायचा, या तंत्राला लाइट पेंटिंग म्हणतात. ते नावारूपाला आलं वाळवंटी मुलखात. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात वालुकाश्माच्या नैसर्गिक कमानी आहेत, नामिबियात स्पिट्झकोपेचे ग्रॅनाइटचे गोलाकार डोंगर आहेत, जॉर्डनमध्ये वाडी रमचे तांबूस कडे आहेत. त्यांच्यामागे उभी आकाशगंगा आणि पुढे उजळलेला खडक, ही प्रतिमा आता साऱ्या जगाच्या ओळखीची झाली आहे. अडचण येते ती हीच कृती जशीच्या तशी आपल्याकडे आणली की. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे जळकोट लागतं. या पट्ट्यातला खडक काळा आहे, बसका आहे, कमानी-सुळके असले काही चमत्कार त्याच्यात नाहीत. युटाच्या पाककृतीने त्याच्यावर दिवा मारला तर फोटोत एक राखाडी, चपटा, पत्र्यासारखा ढीग उमटतो, आणि काढणारा निष्कर्ष काढतो की आपल्याकडे रात्री फोटो काढण्यासारखा दगडच नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे: वाळवंटापेक्षा आपल्या कातळालाच या तंत्राची गरज जास्त आहे. मात्र त्यासाठी उजेड फार थोडा हवा, तो बाजूने यायला हवा, आणि त्याचं माप वाळवंटाकडे न मागता अष्टमीच्या चंद्राकडे मागायला हवं.

आधी एक गल्लत दूर करू. लाइट पेंटिंग या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एकीत दिवाच कॅमेऱ्याकडे तोंड करून हवेत फिरतो आणि उजेडाची रेघ उमटते. १८८९ साली फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमेनी यांनी माणसाच्या अंगावर छोटे दिवे बांधून त्याच्या चालण्याच्या रेघा टिपल्या, त्या या प्रकारातल्या. १९४९ साली छायाचित्रकार जोन मिली याने पिकासोच्या हातात दिवा देऊन अंधारात त्याच्याकडून चित्रं काढून घेतली, तीही याच प्रकारातली. दुसऱ्या प्रकारात दिवा फोटोत कुठेच दिसत नाही, दिसते फक्त त्याने उजळलेली वस्तू. खडकांचे फोटो या दुसऱ्या प्रकारचे. पहिल्यात उजेड हाच विषय असतो, दुसऱ्यात तो सेवक असतो. पुष्कळ वाईट फोटो या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे निघतात. सेवकाला मालकाचे कपडे चढवले जातात आणि खडकापेक्षा टॉर्चचं कौतुक जास्त होतं.

आता दगड पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज उरलेला त्यांचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात ते स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या पायऱ्यांसाठीच्या शब्दावरून, कारण थर झिजत गेले की उतारावर पायऱ्या पडतात. जळकोट-नळदुर्गच्या माळावर, बोरी नदीच्या काठाने, जुन्या खदानींच्या कडांवर या पायऱ्या दिसतात. विहीर खोदणाऱ्यांना त्यांचा क्रम तोंडपाठ असतो: वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मांजऱ्यातली भोकं म्हणजे थिजताना लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी काही भोकं भरली, म्हणून फोडलेल्या दगडात पांढरे, काचेसारखे खडे चमकतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या विटेसारखा तांबडा पट्टा येतो. आणि उघड्यावर राहिलेला काळा दगड कांद्यासारखे पापुद्रे सोडत गोल होत जातो. इतकं सगळं त्या दगडात आहे, पण ते सगळं बोटभर, वीतभर मापाचं आहे. दुरून पाहिलं तर माळ सपाट आणि दगड काळा, एवढंच.

वाळवंटाशी फरक पडतो तो इथेच. आर्चेसमधली कमान आकाशाच्या पार्श्वभूमीवर नुसती काळी दिसली तरी ओळखू येते. तिचं सगळं सौंदर्य बाह्यरेषेत आहे, आणि ती रेषा काढायला ताऱ्यांचं आकाशच पुरे होतं. दिवा मारला तर भर पडते, नाही मारला तरी फोटो उभा राहतो. मराठवाड्यातल्या कातळाची बाह्यरेषा म्हणजे जवळपास एक आडवी रेघ. त्याची ओळख पृष्ठभागात आहे: भोकं, पापुद्रे, भेगा, पायऱ्यांच्या कडा. आणि पृष्ठभाग दिसतो सावलीमुळे. सावली पाडायला दिशा असलेला उजेड लागतो. म्हणून म्हटलं, की ज्या दगडाला आकार आहे त्याला दिव्यावाचून चालतं, आणि ज्याला फक्त पोत आहे त्याला दिव्याशिवाय गत्यंतर नाही.

बाजूच्या उजेडाचा हा महिमा सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही, मान वर केली की पुरे. पौर्णिमेचा चंद्र झगझगीत पण थाळीसारखा चपटा दिसतो. साध्या दुर्बिणीतूनही त्यावर फारसा उंचसखलपणा जाणवत नाही. अष्टमीचा चंद्र त्याच दुर्बिणीतून पाहिला तर उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं, त्यांचे कठडे, डोंगर असे उठून येतात की हात लावावासा वाटतो. चंद्र तोच असतो, ऊन तेच असतं, बदललेली असते ती उन्हाची दिशा. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर उजेड टाकतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची सावली त्या उंचवट्यामागेच लपते. अष्टमीला उजेड काटकोनातून येतो. याचा आणखी एक पुरावा हिशेबात मिळतो. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत असेल असं सहज वाटतं, पण प्रत्यक्षात तो साधारण एक दशांशच देतो, कारण अर्ध्या चंद्राच्या उजळ भागातही असंख्य लहान-मोठ्या सावल्या भरलेल्या असतात. अपोलो मोहिमांच्या आखणीत हाच विचार होता. अपोलो-११ चांद्रभूमीवर उतरलं तेव्हा तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंशांवर होता. खाचखळग्यांच्या लांब सावल्या पडाव्यात आणि यान उतरवणाऱ्याला जमीन वाचता यावी, म्हणून ती वेळ साधली होती. आणि यातला मला सगळ्यात भावणारा भाग असा, की चंद्रावरचे जे काळे डाग पाहून आपल्या पूर्वजांनी त्याला मृगांक, शशांक अशी नावं दिली, ते डाग बेसाल्टचे आहेत. जळकोटच्या माळावर आहे त्याच जातीचा, थिजलेल्या लाव्ह्याचा दगड. काळ्या कातळावर उजेड कसा टाकावा याचा नमुना दर पंधरवड्याला आकाशात टांगलेला असतो.

जमिनीवरचे पुरावेही कमी नाहीत. झिजलेला शिलालेख वाचणारे अभ्यासक दगडाला जवळजवळ चिकटवून, बाजूने दिवा धरतात. समोरून पाहताना कोरा वाटणाऱ्या दगडावर मग अक्षरं उभी राहतात. देवळाच्या गाभाऱ्यात काळ्या पाषाणाच्या मूर्तीजवळ समई असते ती मूर्तीच्या बाजूला. मूर्तीच्या नाकाची कड, ओठांची वळणं, अलंकारांची नक्षी त्या तिरप्या, मंद उजेडात जिवंत होतात. त्याच मूर्तीवर समोरून ट्यूबलाइट लावली की चेहरा कसा कोरडा पडतो, तेही आता अनेक देवळांत पाहायला मिळतं. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत आरशाने किंवा पांढऱ्या पृष्ठभागाने उन्हाचा कवडसा आत वळवून शिल्पं दाखवण्याची पद्धत होती. तिच्यातही उजेड वळवून, मवाळ करून, कोनातून आणलेला असे. काळा दगड आणि दिवा यांची जोडी आपल्याकडे हजारो वर्षांची आहे. वाळवंटातून आलेलं तंत्र शिकताना ती विसरायचं कारण नाही.

उजेड किती, हा प्रश्न मात्र अंदाजाने सोडवू नये. तो आकड्यांनी सुटतो आणि आकडे चकित करणारे आहेत. रात्रीच्या फोटोची नेहमीची मांडणी घेऊ: वीस सेकंद, एफ २.८, आयएसओ ३२००. या मांडणीत मध्यम राखाडी वस्तू दिवसासारखी उजळ दिसायला तिच्यावर सुमारे ०.०३ लक्स उजेड पडावा लागतो. रात्रीचा फोटो रात्रीसारखा दिसायचा तर त्याच्याही तिसरा-चौथा हिस्सा, म्हणजे ०.०१ लक्सच्या आसपास. एक मेणबत्ती एक मीटरवर साधारण एक लक्स उजेड देते. अंतर दहापट झालं की उजेड शंभरपटीने घटतो, म्हणजे दहा मीटरवर ०.०१ लक्स. हिशेब असा जुळतो की दहा मीटरवर तेवत असलेली एकच मेणबत्ती एक खडक रंगवायला पुरेशी आहे. आता खिशातली हजार ल्यूमेनची विजेरी घ्या. तिचा झोत साठ अंशांत पसरत असेल तर त्या दिशेला ती बाराशे मेणबत्त्यांच्या तोडीची ठरते. मेणबत्ती जे काम वीस सेकंदांत करते ते ती सेकंदाच्या साठाव्या भागात उरकते. इतक्या वेळात माणसाचा हात काही रंगवू शकत नाही, फक्त डाग पाडू शकतो. म्हणूनच अलीकडे अनेक जण हातात टॉर्च फिरवण्याऐवजी छोटं एलईडी पॅनेल अगदी मंद करून, एका जागी उभं करून, पूर्ण एक्स्पोजरभर तेवत ठेवतात. ही पद्धत लो-लेव्हल लायटिंग म्हणून ओळखली जाते. तिचा मोठा फायदा असा की दहा फोटो काढले तरी दहाही फोटोंत उजेड तोच राहतो. हाताने रंगवलेला फोटो दुसऱ्यांदा तसाच कधी येत नाही.

काळ्या दगडाच्या बाबतीत या हिशेबात एक मोह आड येतो. वाळवंटातला फिकट वालुकाश्म पडलेल्या उजेडाचा बराच भाग परत फेकतो. बेसाल्ट जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास परत देतो, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे ठरलेला उजेड टाकूनही कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दगड काळपट दिसतो, आणि हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो. उजेड तिप्पट केला की दगड राखाडी होतो, चौपट-पाचपट केला की सिमेंटसारखा. हा उजेड वाढवायचा नाही. काळा दगड काळाच दिसला पाहिजे. त्याची फक्त उजेडाकडची कड आणि भोकांच्या ओठांवरची चमक दिसली की काम झालं. रात्री अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याचा पडदा फार उजळ वाटतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबणं तसंही धोक्याचं. त्याऐवजी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहावा. बेसाल्टच्या फोटोत त्याचा डोंगर डावीकडे झुकलेलाच असणार.

कोनाचं गणितही सोपं आहे. उजेड दगडाच्या पृष्ठभागाला समांतर असल्यासारखा, दहा अंशांनी घासत आला तर एक सेंटिमीटर उंचीच्या पापुद्र्याची सावली साडेपाच सेंटिमीटरपेक्षा लांब पडते. पंचेचाळीस अंशांनी आला तर एकच सेंटिमीटर. समोरून आला तर शून्य. मांजऱ्या दगडाची बोटभर भोकं दाखवायची तर वीस अंशांच्या आतबाहेर राहणं चांगलं, त्याहून घासून टाकला तर सगळा दगड सावलीतच बुडतो. दुसरी चूक अंतराची. कोन साधावा म्हणून दिवा खडकाच्या अगदी एका टोकाशी ठेवला जातो. समजा दिव्यापासून खडकाचं जवळचं टोक दोन मीटरवर आणि लांबचं वीस मीटरवर आहे. मग दोन्ही टोकांवरच्या उजेडात शंभरपटीचा फरक पडतो, एक टोक जळतं आणि दुसरं बुडतं. तोच दिवा मागे नेऊन तीस मीटरवर उभा केला तर लांबचं टोक अठ्ठेचाळीस मीटरवर येतं आणि फरक अडीचपटीवर उतरतो. तीस मीटरसाठी मेणबत्त्या एकाऐवजी नऊ लागतील, एवढाच खर्च. चांदणं खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं पडतं याचं कारण चंद्र चार लाख किलोमीटरच्या आसपास दूर आहे. आपल्या दिव्याला तेवढं जमणार नाही, पण शक्य तेवढं लांब जाणं त्याच्या हातात आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. बाजारातल्या बहुतेक विजेऱ्यांचा उजेड निळसर पांढरा असतो आणि तो बेसाल्टवर पडला की दगड लोखंडी दिसतो. चांदणं निळं असतं असं आपल्याला वाटतं ते अंधारात आपल्या डोळ्यांची संवेदना निळ्याकडे सरकते म्हणून. चांदणं हे उन्हाचंच परावर्तन आहे आणि त्याचा खरा रंग उन्हापेक्षा किंचित पिवळसरच भरतो. त्यामुळे दिवा सुमारे चार हजार केल्व्हिनवर ठेवला तर झिजलेल्या दगडावरची गंजलेली तपकिरी साल आणि थरांमधला तांबडा पट्टा दोन्ही खरे दिसतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप तांत्रिक आहे आणि वजनदार आहे. आजचे कॅमेरे इतके संवेदनशील आहेत की खडकासाठी वेगळा, पाच-दहा मिनिटांचा एक्स्पोजर घ्यावा, आकाशासाठी वेगळा घ्यावा आणि दोन्ही जोडावेत, मग दिव्याची गरज काय? ताऱ्यांच्या आणि आकाशाच्या स्वतःच्या मंद उजेडात, म्हणजे ०.००१ ते ०.००२ लक्समध्ये, खडक दिसू शकतो हे खरं आहे. पण तो उजेड येतो सगळ्या आकाशाकडून एकाच वेळी. ढगाळ दुपारी जसं होतं तसं होतं: सगळं दिसतं, पण सावली नाही. ग्रॅनाइटच्या सुळक्याला हे चालून जाईल. भोकाभोकांच्या, पायऱ्यांच्या दगडाला चालत नाही. वेळ कितीही वाढवला तरी उजेडाला दिशा येत नाही. या आक्षेपाचा एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो: जिथे चंद्र योग्य जागी आहे तिथे दिवा पेटवू नये. अष्टमीचा चंद्र जमिनीवर साधारण ०.०१ ते ०.०२ लक्स उजेड देतो, आणि वर मेणबत्तीच्या हिशेबात आपण नेमके त्याच आकड्याशी पोचलो होतो.

दुसरा आक्षेप नीतीचा. निसर्गाच्या फोटोत माणसाचा दिवा आला म्हणजे फोटो खोटा झाला, असं म्हणतात. हा आक्षेप घेणारे सहसा असं गृहीत धरतात की दिवा नसलेला रात्रीचा फोटो डोळ्यांना दिसतं तसा असतो. तसं नाही. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून माळावर उभ्या माणसाला आकाशगंगा राखाडी पट्ट्यासारखी दिसते. फोटोतले तिचे गुलाबी-पिवळे ढग वीस सेकंद साठवलेल्या उजेडाचे असतात. म्हणजे रात्रीचा कुठलाही फोटो ही मांडणीच आहे. प्रश्न एवढाच उरतो की ही मांडणी त्या जागी कधी तरी खरी होते का. जांभळ्या-हिरव्या दिव्यांनी नळदुर्गचा बुरूज रंगवला तर तसा तो कुठल्याही रात्री दिसत नाही. अष्टमीच्या चंद्राइतका, त्याच दिशेने, त्याच रंगाचा उजेड टाकला तर महिन्यातून दोनदा जे दिसू शकतं तेच दिसतं. मला हा फरक खऱ्या-खोट्याचा फरक वाटतो. दिवा वापरल्याचं फोटोखाली लिहावं, हेही मी आग्रहाने म्हणेन. त्याने फोटोची किंमत कमी होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. अंधार हे कुणाचं तरी घर असतं. खडकाळ ओढ्यांच्या कडांवर शृंगी घुबड घरटं करतं, माळावर रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतो, किल्ल्यांच्या दालनांत वटवाघळं असतात. झोत डोळ्यांवर पडला तर निशाचर पक्षी काही काळ आंधळा होतो. आर्चेस आणि कॅनियनलँड्स या युटातल्या उद्यानांनी लाइट पेंटिंगवर बंदी घातली आहे. त्याच राज्यातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क ठरलं होतं. ज्या मुलखाने हे तंत्र लोकप्रिय केलं त्यानेच ते आवरावं, यात विसंगती नाही: तिथे एकाच कमानीसमोर रात्री अनेक फोटोग्राफर उभे असतात आणि एकाचा टॉर्च बाकीच्यांचे फोटो आणि अंधार दोन्ही बिघडवतो. आपल्याकडे विदर्भातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. तिथे कुणी विजेरी घेऊन खडक रंगवायला निघालं तर मी त्याच्या विरोधात असेन. जळकोटच्या माळाला अशी मान्यता नाही, पण तिथल्या रातव्याला ते ठाऊक नसतं. म्हणून घरटी, गुहा, वटवाघळांची दालनं यांच्यावर उजेड नको, तो चंद्राइतका असला तरी नको. उघड्या कातळाच्या बाबतीत मात्र प्रमाणाचा विचार केला पाहिजे. महामार्गावरच्या एका गाडीचा मोठा दिवा वीस-तीस हजार मेणबत्त्यांच्या ताकदीचा असतो. तो एक किलोमीटरवरच्या खडकावर ०.०२ ते ०.०३ लक्स उजेड टाकतो, म्हणजे आपल्या मापाच्या दुप्पट-तिप्पट, आणि रात्रभर, एकामागून एक. त्याच्या शेजारी नऊ मेणबत्त्यांचं, वीस सेकंद पेटणारं पॅनेल फार लहान आहे. पण हजार ल्यूमेनची टॉर्च आणि घटकाभराचा खेळ लहान नाही. माप पाळलं तरच हा बचाव टिकतो.

जळकोटहून रात्र कशी दिसते, याच्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. गाव सुमारे १७.८ उत्तर अक्षांशावर आहे. आकाशगंगेचं केंद्र वृश्चिकेच्या नांगीजवळ, मूळ नक्षत्राच्या शेजारी, धनू राशीत आहे. ते इथून दक्षिणेला सुमारे ४३ अंश उंच चढतं. आर्चेसहून ते जेमतेम २२ अंशांवर पोचतं. उंचीतला हा फरक युटाचा कुठलाही फोटोग्राफर आपल्याकडून मागून नेईल. तिथे आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग क्षितिजावरच्या धुरकटीतून गाळून येतो, इथे तो स्वच्छ आकाशात असतो. पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर सोलापूरची झळाळी आहे आणि आग्नेयेला, त्याहून दूर, कलबुर्गीची. मधला दक्षिणेचा पट्टा बराच काळा राहतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग, म्हणून हंगाम मार्च ते मे. मेच्या मध्यावर केंद्र रात्री साडेनऊच्या आतबाहेर उगवतं आणि अडीच-पावणेतीनला सर्वांत उंच येतं.

स्थळ निवडताना मात्र मोह आवरावा. बोरी नदीने वेढलेला नळदुर्ग, त्याचे ११४ बुरूज, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात नदीवर बांधलेला बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, हे सगळं त्याच काळ्या दगडात आहे, पण ते संरक्षित स्मारक आहे आणि रात्री आत जायला परवानगी लागते. माळावरचे उघडे कातळ, सोडून दिलेल्या खदानींच्या कडा, शेताचे दगडी ताल हे या कामाला जास्त योग्य आहेत. जागा कुणाच्या तरी मालकीची किंवा गावाची गायरान असते, तेव्हा दिवसा जाऊन विचारावं. रात्री माळावर हलणारा दिवा पाहून गावाला काळजी वाटते, म्हणून पोलीसपाटलांच्या कानावर घालावं. त्याच दिवसाच्या फेरीत बिनकठड्याच्या विहिरी पाहून ठेवाव्यात, आणि दगडाखाली फुरसं असू शकतं हे धरून चालावं. चालताना पायापुरता तांबडा दिवा पुरतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तांबड्या उजेडाने ती कमाई फारशी वाया जात नाही.

मे महिन्यातली शुद्ध अष्टमी घ्यावी. कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला असतं तेव्हा चंद्र उजव्या हाताला, पश्चिमेला कललेला असतो, आणि रात्री अकरा-साडेअकराला तो इतका खाली येतो की कातळावरची प्रत्येक पायरी, प्रत्येक भोक आपली सावली डावीकडे टाकू लागतं. आग्नेयेला मूळ नक्षत्र वर आलेलं असतं, चंद्राच्या उजेडाने थोडं फिकं. हा पहिला फोटो दिव्याशिवाय काढावा. मध्यरात्रीनंतर चंद्र मावळतो, आकाश काळं होतं आणि आकाशगंगा पूर्ण उमटते, पण कातळ सपाट होऊन विझतो. मग ट्रायपॉड न हलवता, चंद्र होता त्याच दिशेला, तीस-चाळीस मीटर लांब, पॅनेल उभं करून ते सगळ्यात कमी उजेडावर लावावं आणि दुसरा फोटो काढावा. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी ठेवून एकाच भोकाची सावली निरखावी. दुसऱ्या फोटोतली सावली जास्त काळी किंवा दगडाची कड जास्त पांढरी असेल तर पॅनेलवर एक पांढरा रुमाल टाकून तिसरा फोटो काढावा.